एका बाटलीत दहा कारखाने : करुइझावाचं नक्की काय उरलं?

पिंपळपान (धागाकर्ता)

मार्च २०२० मध्ये लंडनच्या सदबीजने व्हिस्कीची एक बाटली लिलावात काढली. गेली ३ लाख ६३ हजार पौंडांना. तेव्हाच्या दराने सव्वातीन कोटी रुपयांच्या पुढे, आणि येनमध्ये पाच कोटींच्या आसपास.

आता त्याआधीचा एक लिलाव. साल २०१५, जपानच्या नागानो प्रांतातलं मियोता. ज्या डिस्टिलरीत ती व्हिस्की गाळली गेली होती, तिथली यंत्रं जाहीर लिलावात निघाली. तांब्याच्या भट्ट्या, मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) दळायची गिरणी, पिपांचे कडे आवळायचं यंत्र, असा सगळा बाडबिस्तरा. बोली थांबली सुमारे ५० लाख येनांवर. एका बाटलीच्या पैशात असले दहा कारखाने उचलता आले असते!

ही डिस्टिलरी म्हणजे करुइझावा. व्हिस्कीवाल्या मंडळींना नाव नवं नाही, पण मराठीत तिच्याबद्दल सविस्तर लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, म्हणून हा धागा.

करुइझावा हे खरं तर शेजारच्या थंड हवेच्या ठिकाणाचं नाव. टोकियोतले पैसेवाले उन्हाळ्यात तिथे जातात. डिस्टिलरी त्याच्या पलीकडे मियोतात, आसामा पर्वताच्या उतारावर. आसामा हा जिवंत ज्वालामुखी आहे. १७८३ मध्ये फुटला तेव्हा त्याने गावंच्या गावं गाडली होती, आणि २००४ मध्येही राख उडवून गेला. पाणी ज्वालामुखीच्या दगडांतून झिरपून येणारं, हवा गार आणि दमट, धुकं भरपूर. पिपांच्या कोठारांच्या भिंती वेलींनी झाकलेल्या असत.

दाइकोकु बुदोशु नावाच्या वाइन कंपनीने १९५५ मध्ये ती स्थापन केली, पुढच्या वर्षी गाळप सुरू झालं. मग कंपन्यांची नावं बदलत गेली : ओशन, सानराकु ओशन, १९९० पासून मर्शियन. आकाराने ती लहानच. वर्षाला फार तर दीड लाख लिटर स्पिरिट. भट्ट्या छोट्या, आंबवण्याचे पिंप लाकडी, बार्ली स्कॉटलंडकडून आलेली गोल्डन प्रॉमिस, आणि शेरी या स्पॅनिश वाइनची पिपं. हे सगळं खर्चिक काम. जाड, तेलकट, वजनदार स्पिरिट मिळतं, पण कमी मिळतं. आणि एवढ्या मेहनतीने केलेला बहुतेक माल जायचा कुठे, तर ओशनच्या स्वस्त ब्लेंडमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेल्या मालात.

जपानात व्हिस्कीचा खप १९८३ च्या सुमाराला कळसाला पोचला आणि मग जो घसरला, तो पंचवीस वर्षांत जवळपास पाचव्या हिश्शावर आला. तरुण पोरं शोचू या देशी जपानी दारूकडे वळली. १९८९ मध्ये दारूवरच्या कराची जुनी प्रतवारी रद्द झाली, स्कॉच स्वस्त झाली आणि देशी स्वस्त व्हिस्की महागली. ब्लेंडच विकलं जात नसेल तर त्यात घालायला मॉल्ट व्हिस्की गाळायची कोणी? करुइझावाचं नियमित गाळप २००० साली थांबलं. २००६ मध्ये बिअरवाल्या किरिन कंपनीने मर्शियन ताब्यात घेतली. किरिनची स्वतःची फुजी-गोतेम्बा डिस्टिलरी १९७३ पासून चालू होतीच. दुसरी, तीही लहान आणि बंद पडलेली, त्यांना कशाला हवी? २०११ मध्ये अधिकृतपणे टाळं लागलं, आणि २०१६ मध्ये इमारती पाडल्या.

गंमत बघा. २००१ मध्ये, म्हणजे भट्ट्या थंड झाल्या त्याच्या दुसऱ्याच वर्षी, निक्का या दुसऱ्या जपानी कंपनीच्या योइची व्हिस्कीला इंग्लंडच्या एका मासिकाच्या स्पर्धेत सर्वोत्तम ठरवलं गेलं. जपानी व्हिस्कीचे दिवस तिथून पालटले. करुइझावाला तेवढा दम धरवला नाही.

माझा प्रश्न असा : वारसा म्हणून आज जे मिरवलं जातं, त्या लिलावातल्या बाटल्या, तो खरंच वारसा आहे का? मला वाटतं, खरा वारसा त्या ५० लाख येनांत गेला. पण आधी तुमची मतं ऐकू द्या.

चौकस_काका

लेख आवडला. पण वारसा वगैरे शब्द मला जरा जड वाटतात. डिस्टिलरी चालू होती तोवर तिला कुत्रं विचारत नव्हतं, हे तुम्हीच लिहिलंय. जपानी माणसाने ती प्यायली ती ओशनच्या ब्लेंडमधून, नाव माहीत नसताना. मेल्यावर अचानक ती महान झाली. का? तर कोणीतरी उरलेला माल घेतला, सुंदर लेबलं चिकटवली आणि "आता पुन्हा होणे नाही" असं सांगून विकला. हे व्यापाऱ्याचं कसब आहे, गाळणाऱ्याचं नव्हे. चित्रकार उपाशी मरतो आणि गॅलरीवाला बंगले बांधतो, तीच कथा.

पिंपळपान

काका, अर्धं पटलं.

व्यापाऱ्याचा भाग खराच आहे. मार्सिन मिलर आणि डेव्हिड क्रोल यांच्या नंबर वन ड्रिंक्स कंपनीने २०११ मध्ये उरलेली ३६४ पिपं एकगठ्ठा घेतली. मिलर हे व्हिस्कीवरच्या एका नावाजलेल्या इंग्रजी मासिकाचे संस्थापक, म्हणजे माल कुठे, कसा आणि कोणापुढे ठेवायचा हे त्यांना पक्कं ठाऊक. नोह नाटकातल्या मुखवट्यांची आणि गेइशांची लेबलं, एकेका पिपाची वेगळी बाटली, हे सगळं त्यांच्याच काळातलं.

पण लेबलाने पिपातला माल बदलत नाही ना! त्यांनी ती पिपं घेतली नसती तर किरिनने ती कुठल्या तरी ब्लेंडमध्ये ओतून हिशेब मिटवला असता. शिवाय सुरुवातीला या बाटल्यांचे भाव असे आभाळाला भिडलेले नव्हते. तेव्हा घेणारे लोक त्या उघडून पीत होते. त्यांनी पिऊन वाहवा केली, मग न पिणारे आले. आधी कीर्ती झाली, भाव मागून वाढला. तुम्ही म्हणता त्याच्या उलट.

क्रोल यांनी पुढे क्योतोत जिनची डिस्टिलरी काढली, २०१६ मध्ये. त्यांच्या 'की नो बी' जिनचं नाव आता इकडच्या बारमध्ये सर्रास दिसतं. धाग्याचा विषय तो नाही, पण धागेदोरे कुठून कुठे जातात ते बघण्यासारखं आहे.

रसायनी

त्या सव्वातीन कोटींच्या बाटलीबद्दल थोडं. ती पीप क्रमांक ५६२७ मधली. १९६० साली भरलं, २०१३ मध्ये बाटल्यांत उतरवलं, वय ५२ वर्षं. अख्ख्या पिपातून निघाल्या फक्त ४१ बाटल्या. प्रत्येकीला वेगळं नाव आणि प्रत्येकीसोबत एक जुनं नेत्सुके, म्हणजे किमोनोच्या पट्ट्याला अडकवायची कोरीव गुंडी. लिलावातली होती ती उंदराची. तिचीच बहीण, कोंबड्याची, २०१५ मध्ये हाँगकाँगला ९ लाख १८ हजार ७५० हाँगकाँग डॉलरना गेली होती. पाच वर्षांत भाव जवळपास चौपट.

मला बाटलीपेक्षा पिपात रस आहे. ४१ गुणिले ७०० मिली म्हणजे २८.७ लिटर. पीप अडीचशे लिटरचं धरलं तर उरले साडेअकरा टक्के. चक्रवाढीने उलटा हिशेब केला तर दर वर्षी साधारण ४ टक्के उडून गेलं असं निघतं. पीप मोठं असेल तर दर आणखी वाढेल. त्यात बाष्पीभवन आलं, गळती आली, मधे काढून पाहिलेले नमुने आले. गार हवेचं एवढं कौतुक करूनही नऊ दशांश माल गेलाच!

आता एक किडा. दुकानदार आणि लिलाववाले सरसकट सांगतात, "करुइझावा म्हणजे गोल्डन प्रॉमिस बार्ली". ही जात स्कॉटलंडात मेथॉर्प नावाच्या बार्लीवर गॅमा किरणांचा मारा करून काढली, आणि शेतात आली १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. तेव्हा १९६० च्या पिपात गोल्डन प्रॉमिस असणं शक्यच नाही. ती ओळख नंतरच्या काळातल्या करुइझावाची. सर्वात महाग बाटलीला सर्वात गाजलेली बार्ली चिकटवू नये एवढंच.

मडगांवकर

रसायनीसायबा, तुमचा हिशेब आमच्याकडे लावून बघितला. आमच्या कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल मॉल्ट (एकाच डिस्टिलरीतली, निव्वळ मॉल्टची व्हिस्की) होते. गोव्याच्या उकाड्यात वर्षाला ८ टक्क्यांच्या आसपास उडतं असं तिथे सांगतात. त्या दराने तुमचे ते साडेअकरा टक्के उरायला २६ वर्षं पुरतात. करुइझावाच्या निम्म्यात खेळ खलास. म्हणून आमच्याकडच्या बाटल्यांवर पन्नास सोडा, वीस वर्षंसुद्धा क्वचित दिसतात. सहा-सात वर्षांत माल तयार.

पण म्हणून आमचा माल उणा नव्हे हां. मुरायचा वेग जास्त, एवढंच. वयाचा आकडा बघून पैसे मोजणारे लोक आकडाच पितात.

उडाणटप्पू

प्रश्न : या ४१ पैकी किती बाटल्या प्यायल्या गेल्या?
माझा अंदाज : नेत्सुके जास्त वापरली गेली असतील.

नदीकाठची

मी प्यायले आहे! उंदीर-कोंबडा नव्हे हो, १९८४ चं एक पीप. योकोहामाच्या एका छोट्या बारमध्ये, आठ खुर्च्या, एक म्हातारे मालक. जपानी बारमध्ये 'हाफ' मागायची सोय असते, म्हणजे १५ मिली. त्या १५ मिलीत माझं आठवड्याभराचं बाहेरचं जेवण झालं असतं, पण एकदाच, म्हणून मागितली.

रंग काथाच्या पाण्यासारखा काळपट तांबडा. नाकाला आधी आली पेटवून फुंकरलेली आगकाडी, शेरीच्या पिपांत गंधकाचा अंश राहतो त्याची. मी जरा धसकलेच. मालक म्हणाले, दहा मिनिटं थांबा. थांबले. मग खारीक, काळ्या मनुका, जुन्या शिसवी कपाटाचं दार उघडल्यावर येतो तो वास, आणि मागून ऊद. जिभेवर तुरट, अगदी दात शिवशिवतील इतकं. थेंबभर पाणी घातल्यावर आमसुलासारखं आंबट काहीतरी वर आलं. ग्लास रिकामा झाल्यावरही पाऊण तास त्याचा वास येत होता.

आवडली का? हो. पण गोड गोड, सगळ्यांना रुचेल अशी मुळीच नाही. यामाझाकी ही दुसरी जपानी व्हिस्की ज्यांना आवडते त्यांतल्या निम्म्यांना ही कडवट वाटेल. काकांचं व्यापाऱ्याबद्दलचं म्हणणं मान्य करूनही सांगते, ग्लासात जे होतं ते लेबलामुळे नव्हतं.

चौकस_काका

नदीकाठची, वर्णन फर्मास. तुमच्या १५ मिलीपुढे माझा युक्तिवाद लंगडा पडतोय, तरी हट्ट सोडत नाही. तुम्ही प्यायलात म्हणून तुमचा अनुभव. ज्यांनी तिजोरीत ठेवली त्यांच्याकडे कसला वारसा आहे? कागद, काच आणि पावती.

लीड्सकर

त्या गिरणीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मी बोलतो, कारण ती आमच्या गावची.

करुइझावात मॉल्ट दळायला पोर्टिअस गिरणी होती. हा कारखाना इथे लीड्समध्ये होता. गडद लाल रंगाची, कपाटाएवढी पेटी, आत पोलादी रुळांच्या दोन जोड्या. पहिली जोडी दाणा फोडते, दुसरी दळते. पीठ, भरड आणि कोंडा यांचं प्रमाण नीट राखावं लागतं. पीठ फार झालं तर गाळणी तुंबते, भरड फार झाली तर साखर उतरत नाही. स्कॉटलंडच्या डिस्टिलऱ्यांत आजही जिकडेतिकडे याच गिरण्या, कैक दशकं चाललेल्या. इथले लोक सांगतात की कंपनी बुडाली ती यंत्रं बिघडत नसल्यामुळे. एकदा विकली की गिऱ्हाईक परत येतच नसे!

दुसरं. स्कॉटलंडमध्येही नेमकी अशीच लाट आली होती. पोर्ट एलन आणि ब्रोरा १९८३ मध्ये बंद झाल्या, रोझबँक १९९३ मध्ये. त्यांच्या बाटल्यांचेही भाव असेच चढले. फरक पुढे पडला. ब्रोरा २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली, रोझबँकमध्ये २०२३ ला गाळप झालं, पोर्ट एलन २०२४ मध्ये उघडली. भाव वाढलेले पाहून मालकांनी शेकडो कोटी ओतले. ब्रोराच्या तर इमारती आणि भट्ट्या जागेवर होत्या. करुइझावाच्या इमारती पाडल्या त्या २०१६ मध्ये, म्हणजे जपानी व्हिस्कीची जगभर मारामार चालू असताना. हे मला अजून उमगत नाही. १९८३ ला पाडल्या असत्या तर समजू शकलो असतो.

पिंपळपान

लीड्सकर, मलाही ते खुपतं. माझा तर्क सांगतो. किरिनसाठी करुइझावा हे नाव म्हणजे वाइन कंपनीसोबत आलेली अडगळ. जमीन रिसॉर्टच्या जवळची, मोक्याची. त्याच आवारात मर्शियनचं कलासंग्रहालयही होतं, १९९५ पासून. तेही २०११ मध्ये बंद केलं. म्हणजे आवारच गुंडाळायचं ठरलेलं होतं. शिवाय पिपं तोवर विकून झालेली. रिकाम्या कोठारांसाठी डिस्टिलरी उभी ठेवायला मोठ्या कंपनीच्या हिशेबात जागा नसते.

अबोली_ताई

मी पीत नाही, तरी धागा पहिल्यापासून वाचतेय. माझे वडील परळच्या एका गिरणीत होते, त्यामुळे कारखाना बंद पडला म्हटलं की माझं लक्ष बाटल्यांकडे जातच नाही. बाटल्या, यंत्रं, जमीन या सगळ्याचे भाव तुम्ही सांगितलेत. माणसांचं काय झालं? गाळणारे, पिपं बांधणारे? हे काम पुस्तकात बघून येण्यातलं नसणार.

पिंपळपान

ताई, मी मुद्द्यावर येत होतोच, तुम्ही आधी पोचलात.

करुइझावाच्या शेवटच्या पर्वातले प्रमुख ओसामु उचिबोरी. आणि इथे दुसऱ्या एका बंद डिस्टिलरीची गोष्ट जोडावी लागते, ती म्हणजे हान्यू. टोकियोच्या उत्तरेला साइतामा प्रांतात आकुतो घराण्याची. हे मूळचे साके, म्हणजे तांदूळ आंबवून केलेली दारू, बनवणारे, १६२५ पासूनचे. हान्यूचं गाळपही २००० सालीच थांबलं. २००४ मध्ये घरची कंपनी विकली गेली, नव्या मालकाला व्हिस्कीत रस नव्हता आणि सुमारे ४०० पिपं टाकून द्यायची वेळ आली. नातू इचिरो आकुतो दारोदार फिरला. शेवटी फुकुशिमातल्या सासानोकावा या साके कंपनीने कोठारात जागा दिली आणि पिपं वाचली.

पिपं वाचली, पण गाळायचं कसं? हान्यू तर मोडून झालेली. इचिरो आकुतो करुइझावात गेले. तिथे नियमित गाळप बंद होतं, पण भट्ट्या अजून जागेवर होत्या आणि त्या चालवणारे हातही. त्या जुन्या माणसांकडून ते काम शिकले. मग २००८ मध्ये स्वतःची चिचिबू डिस्टिलरी सुरू केली. आज नव्या जपानी डिस्टिलऱ्यांत चिचिबूचं नाव पहिलं घेतात. आणि नंबर वनने घेतलेली ती ३६४ पिपं? ती ठेवायला चिचिबूच्याच कोठारात नेली. विद्यार्थ्याच्या घरी गुरूचं सामान.

म्हणून मी म्हणतो, वारसा लिलावाच्या बाहेर शोधावा. हातातलं काम एका बंद कारखान्यातून दुसऱ्या चालू कारखान्यात गेलं. त्याला कोणी बोली लावली नाही.

चौकस_काका

हे आधी सांगायचं ना! हा मुद्दा मला बिनशर्त मान्य.

पण हान्यूचा विषय निघालाच आहे तर पत्त्यांचंही सांगा. इचिरोसाहेबांनी ती वाचवलेली पिपं विकली कशी? पत्त्यांच्या कॅटवर. ५२ पत्ते आणि दोन जोकर, ५४ बाटल्या, प्रत्येकीवर एक पत्ता. २००५ ते २०१४ अशी दहा वर्षं बाहेर पडत राहिल्या. पूर्ण संच हाँगकाँगला २०१५ मध्ये सुमारे ३८ लाख हाँगकाँग डॉलरना गेला, २०१९ मध्ये ७२ लाखांच्या जवळ आणि २०२० मध्ये १ कोटी १८ लाखांवर. म्हणजे तुमचा गाळणारा विद्यार्थीही पक्का व्यापारीच निघाला की!

पिंपळपान

निघणारच. त्या पत्त्यांच्या पैशांशिवाय चिचिबू उभी राहिली नसती. लेबलांची कल्पना चमकदार होती आणि त्यांना पैशाची गरज होती. पुढे झालेल्या लिलावांतले कोटी त्यांच्या खिशात गेले नाहीत, मधल्या मालकांच्या गेले.

उडाणटप्पू

५४ बाटल्यांत एक जरी फोडली तर डाव मोडला. बिचारा श्रीमंत माणूस.

मृद्गंध

उशिरा आलो. दोन व्यावहारिक प्रश्न. मी पुढच्या महिन्यात कामासाठी जपानला जातोय. (१) करुइझावा नावाची नवी बाटली दिसली तर ती हीच का? (२) जुनी परवडेल अशी मिळेल का? आणताना भारतात काय भानगड?

नदीकाठची

(१) जरा जपून. त्या भागात आता नव्या डिस्टिलऱ्या निघाल्या आहेत. कोमोरो २०२३ मध्ये सुरू झाली, तिच्या कंपनीच्या नावात करुइझावा आहे आणि तैवानच्या कावालान डिस्टिलरीतून आलेले इयन चँग तिथे मुख्य ब्लेंडर आहेत. चांगले जाणकार आहेत, पण जुन्या करुइझावाशी नातं परिसराचं, पिपांचं नाही. लेबलावर कुठे गाळली आणि कोणत्या साली, ते वाचा. जपानी उत्पादकांच्या संघटनेने २०२१ मध्ये नियम केले : 'जपानी व्हिस्की' म्हणायचं तर गाळप जपानातच, किमान तीन वर्षं जपानातच लाकडी पिपात, बाटलीही तिथेच भरलेली. २०२४ च्या एप्रिलपासून सभासदांना ते पूर्ण लागू आहेत. पण हा संघटनेचा नियम आहे, सरकारी कायदा नव्हे. सभासद नसलेले अजून बाहेरून आणलेला माल भरून जपानी अक्षरांचं लेबल लावतात.

(२) परवडेल अशी जुनी करुइझावा? 'स्वस्त मिळतेय' असं कोणी म्हणालं तर काढता पाय घ्या. रिकाम्या बाटल्यासुद्धा विकल्या जातात, आणि रिकामी बाटली पैसे देऊन कोणी शोभेसाठी घेत नाही. प्यायची असेल तर विश्वासाच्या बारमध्ये हाफ घ्या. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू शुल्काशिवाय चालते, तीही शुल्कमुक्त सामानाच्या किमतीच्या मर्यादेत बसली तरच, त्यापुढे जबर आकार पडतो.

मडगांवकर

आणि मुंबईला उतरलात तर घरी प्यायचंही परमिट लागतं बरं का, आमच्याकडे तसलं काही नाही. गोव्याचं तिकीट काढा.

लीड्सकर

पिंपळपान, पहिल्या लेखात ५० लाख येनांत खरा वारसा गेला म्हणालात. ती यंत्रं गेली कुठे? गिरणी चालू आहे का, तेवढं तरी सांगा.

पिंपळपान

चालू आहे! ती बघूनच हा धागा काढायचं मनात आलं.

लिलावात यंत्रं घेतली ती ताइको नाकामुरा यांच्या गायाफ्लो कंपनीने, शिझुओका शहराच्या मागच्या डोंगरात नवी डिस्टिलरी बांधण्यासाठी. २०१६ मध्ये ती सुरू झाली. चार भट्ट्यांपैकी वापरण्याजोगी निघाली एकच. तांबं वर्षानुवर्षं झिजत जातं, आणि बाकीच्यांची तब्येत संपली होती. ती एक दुरुस्त करून बसवली, आणि तिचं नाव ठेवलं 'के'. करुइझावाचा के. शेजारी स्कॉटलंडहून नवी करून आणलेली 'डब्ल्यू', जिच्याखाली गॅस-वाफ काही नाही, आसपासच्या जंगलातलं लाकूड थेट जळतं. भट्टीसमोर उभं राहिलं की चेहऱ्याला धग लागते आणि कामगार मधून मधून ओंडके सरकवत असतो. आंबवण्याची काही पिंपं शिझुओकाच्याच देवदाराची.

के दिसायला साधी. नव्या भट्ट्यांवर आरसा असतो तसली चकाकी नाही. सांध्यांवर ठिगळं, पोटावर पोचे. डब्ल्यूपुढे तर ती फारच बुटकी. गिरणी वरच्या बाजूला, लाल रंग जागोजागी उडालेला, आणि दळण चालू असलं की पायाखालची जाळी थरथरते. लीड्सकर, वाटाड्या मुलीने आमच्यासमोर खालच्या झडपेतून मूठभर भरड काढून दाखवली. दाणे मस्त फुटले होते, कोंडा जवळपास अख्खा. तुमच्या गावची मंडळी खूश होतील.

चौकस_काका

आणि केमधून निघते ती चवीला करुइझावासारखी लागते का? खरं सांगा हं, प्रेमात पडून नको.

पिंपळपान

नाही लागत. २०२० च्या डिसेंबरात त्यांची पहिली सिंगल मॉल्ट आली, 'प्रोलॉग के', सगळी त्या भट्टीतली. हलकी, फळांच्या अंगाने जाणारी, बहुतेक बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिपांतली. नदीकाठचीने लिहिलेलं शिसवी कपाट तिच्यात शोधूनही सापडणार नाही. बार्ली वेगळी, पिपं वेगळी, हवा वेगळी, गाळणाऱ्याची निवडही वेगळी. नाकामुरांना करुइझावाची नक्कल करायचीच नव्हती, आणि मला ते बरंच वाटलं. जाड, दणकट चव हवी असेल तर लाकडावरची 'प्रोलॉग डब्ल्यू' त्या बाजूला जास्त झुकते. दोन्हींचं मिश्रण 'कॉन्टॅक्ट एस' नावाने मिळतं.

मृद्गंध, तुमच्याकडे एखादा मोकळा दिवस असेल तर कोटींच्या बाटल्यांमागे न लागता शिझुओकाला जा. टोकियोहून शिनकानसेन (बुलेट ट्रेन) आहे, स्टेशनपासून पुढे बरंच आत जावं लागतं आणि बस मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. भेटीसाठी संकेतस्थळावर नाव नोंदवावं लागतं, आयत्या वेळी आत घेत नाहीत. शेवटी चाखायला देतात तेव्हा के आणि डब्ल्यू दोन्ही मागा. आणि गाडी चालवत जाणार असाल तर चाखणं विसरा, जपानात थेंबभरही चालत नाही.